मूकपटातल्या साईड ॲक्टरची करिअर कशी शोधायची

आधी एक लक्षात घ्या, मूकपटांच्या प्रिंट्स बहुतेक गेल्यात त्यामुळे पडद्यावर माणूस दिसेल ही आशा सोडा आणि कागदाला लागा. सुरुवात मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या एशियाटिक लायब्ररीतून करा, जुने पेपर मागा, बातम्या नंतर वाचा, आधी थिएटरच्या जाहिराती बघा, कारण हिरो-हिरॉईनच्या खाली बारीक टायपात बाकीची नावं कधीकधी असतात. प्रत्येक नाव, तारीख, थिएटर वहीत जसंच्या तसं उतरवा, स्पेलिंग सुधारू नका. मूकपटातले नट अण्णा साळुंकेच बघा ना, कुठे साळुंखे कुठे ए. साळुंके, दोन्हीने शोधावं लागतं! आणि फक्त रोल शोधत बसू नका, अण्णा साळुंके १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले, १९१७ ला 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही, पुढे कॅमेराही धरला, म्हणजे नटांच्या यादीतून नाव गायब झालं की टेक्निशियनच्या यादीत बघायचंच. मग पुण्याला फिल्म अर्काइव्हमध्ये स्टिल्स म्हणजे सिनेमातले फोटो आणि सिनेमांच्या पुस्तिका बघा. १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकला 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला, त्यानंतरची चार-पाच वर्षं नीट तपासा, बोलपटात टिकले कोण ते तिथेच कळतं.