कुत्र्याचं काम ठरवायचं आणि नाक कामाला लावायचं

लांडगा शिकार टप्प्याटप्प्याने करतो: हेरणं, नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, मग मारणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यांची निवड करत यातला एखादा टप्पा वाढवला, एखादा दाबला. बॉर्डर कॉली नजर रोखतो, वळसा घालून मेंढ्या वळवतो, पण चावत नाही. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग गुरांच्या खुराशी चावा घेतो, कारण बैल नुसत्या नजरेला भीक घालत नाही. लॅब्राडोर पकडतो, पण हलक्या जबड्याने. कांगल किंवा मरेम्मा या राखणदारांत पाठलागाची ओढच कमी असते, म्हणून ते कळपात मोकळे राहू शकतात. कॉलीला तसा एकटा सोडलात तर तो दिवसभर मेंढ्या पळवत बसेल.

जातीवरून एवढा अंदाज येतो. त्यापुढे समोरचा कुत्राच पाहावा लागतो. पिल्लाच्या चाचणीवर फार विसंबू नका, साधारण वर्षाचा झाला की तपासा. आवडता चेंडू त्याच्यादेखत उंच गवतात फेका, त्याला अर्धा मिनिट धरून ठेवा, एक गिरकी घ्यायला लावा आणि सोडा. दोन मिनिटांनंतरही नाक खाली घालून शोधत राहिला, तर शोधकामाला चांगला. दहा सेकंदांत तुमच्याकडे परत आला, तर त्याला सोबतीची कामं अधिक मानवतील. मग मागे एखादं पातेलं पाडा. दचकला तर हरकत नाही; काही क्षणांत सावरून ते हुंगायला गेला पाहिजे. आंधळ्या माणसाच्या वाटाड्यासाठी मात्र उलटं पाहायचं: मांजर दिसली तरी मान फिरवून पुढे चालणारा हवा.

शोधकाम शिकवायला लवंग सोयीची. काचेच्या बरणीत टिश्यूवर लवंग तेलाचे दोन थेंब टाका, शेजारी तेल लागणार नाही अशा बेताने कापसाच्या काड्या ठेवा आणि झाकण लावून एक दिवस राहू द्या. काडी चिमट्याने उचलून छिद्रांच्या धातूच्या डबीत घाला. तेल कुत्र्याच्या पोटात जाऊ नये, म्हणून डबी घट्ट बंद होणारी हवी.

डबी हातात धरा. नाक लागताच ‘शाब्बास’ म्हणा आणि खाऊ डबीपाशीच द्या. खिशाजवळ दिला तर कुत्रा डबी सोडून खिशाकडे बघायला शिकतो. एका बैठकीत दहा-बारा वेळा पुरे. तीन ते पाच मिनिटांत थांबा, त्याला अजून हवं असतानाच.

आता सारखी चार खोकी मीटरभर अंतराने मांडा आणि डबी एकात ठेवा. वासाचं खोकं कायम तेच राहू द्या. ते रिकामं म्हणून वापरलंत तर सगळी मेहनत पाण्यात. बाकीच्या खोक्यांनाही तितकाच हात लावा, नाहीतर तो लवंग सोडून तुमच्या हाताचा वास शोधेल. नाक दोन-तीन सेकंद टिकल्याशिवाय खाऊ नको. ते जमलं की बसून इशारा देणं शिकवा. स्फोटकं शोधणारे कुत्रे सहसा बसून इशारा देतात. तिथे पंजा मारून चालत नाही.

सगळ्यात फसवणारी चूक आपलीच असते. जागा माहीत असली की पाय अडखळतात, दोरी सैल होते, आणि कुत्रा आपल्याला वाचतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात कुत्रा आणि त्याला हाताळणारा माणूस अशा 18 जोड्या होत्या. शोधायचा वास कुठेच ठेवलेला नव्हता, तरी हाताळणाऱ्यांना जिथे तो असल्याचं भासवलं होतं, तिथे जास्त इशारे नोंदवले गेले. म्हणून डबी दुसऱ्याला लपवायला सांगा आणि अधूनमधून सगळी खोकी रिकामी ठेवा. रिकाम्या रांगेतही तो बसू लागला तर मागच्या पायरीवर या.

मैदानात जाताना वारा तपासा. वास स्रोतापासून वाऱ्याबरोबर पसरत जातो, म्हणून वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूने शिरा आणि आडवं-तिडवं चाला. कुत्र्याचं डोकं मध्येच झटकन वळलं की तिथे थांबा, घाई करू नका. तो वासाच्या कडेवर आहे. उन्हात धापा टाकणारं तोंड नीट हुंगू शकत नाही. जीभ लांबली की पाणी द्या, सावलीत न्या, आणि धाप थांबेपर्यंत पुढची फेरी सुरू करू नका.