प्लांटेड टँकचा लाईट कमी खर्चात वाढवताय? या चुका टाळा

प्लांटेड टँक म्हणजे जिवंत पाणझाडं लावलेला माशांचा टँक. टँकसोबत जो तयार लाईट येतो, तो बहुतेक वेळा मासे उठून दिसावेत म्हणून दिलेला असतो. दोन-तीन पांढऱ्या एलईडीमागे एक निळी, आणि जेमतेम पाच-सहा वॅट. त्यावर झाडं तग धरतात, वाढत नाहीत. मग लाईट बदलायचं ठरतं आणि दुकानदार म्हणतो, "डबल टाका साहेब, झाडं कशी उसळतात बघा."

ते ऐकू नका. बजेट कमी असेल तर भीती कमी लाईटची नाही, जास्त लाईटची बाळगा. कमी लाईटमध्ये अनुबियाससारखं पाणझाड सावकाश वाढेल, एवढंच. जास्त लाईट पडला की झाडांची भूक वाढते, त्यांना कार्बन डायऑक्साइड आणि खत जास्त लागतं. ते मिळालं नाही की झाडं अडून बसतात आणि उरलेल्या लाईटवर शेवाळ माजतं. लाईट दोनशे रुपयांनी वाढतो, पण तो पेलायला लागणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि रेग्युलेटर हजारांत जातो.

खरेदीच्या आधी झाकणाची काच बघा

उपनगरात बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत हे हमखास दिसतं. फिल्टरचे तुषार काचेवर उडून वाळतात आणि क्षारांचा पांढरट थर बसतो. नख ओढून बघा, रेघ उठली तर तुमचा बराच लाईट तिथेच अडतोय. काच बाहेर काढून व्हिनेगर किंवा लिंबू चोळा, थोडा वेळ ठेवा, स्वच्छ धुवा आणि मग ठरवा नवा लाईट हवा की नको.

वॅटवर लाईट घेऊ नका

'लिटरला अर्धा वॅट' हा हिशेब अजून ऐकू येतो. तो जुन्या ट्यूबलाईटच्या काळातला आहे. आज त्याने काय होतं ते आपल्याकडच्या नेहमीच्या मापाच्या टँकवर करून बघू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात साधारण ५० लिटर पाणी राहतं. जुन्या हिशेबाने २५ वॅट झाले. चांगली एलईडी वॅटला १०० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) आसपास देते, म्हणजे २५०० ल्युमेन, लिटरमागे ५०. शिवाय ट्यूबचा प्रकाश चारी बाजूंना जायचा, एलईडीचा बराचसा थेट खाली पडतो. कार्बन डायऑक्साइड न देता एवढा लाईट दिला की शेवाळ येणारच.

कार्बन डायऑक्साइड न देणाऱ्या साध्या टँकसाठी लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन पुरेत. वरच्या टँकला हे ७५० ते १२५० होतात, म्हणजे दोन फुटी १० वॅटची एक साधी बॅटन (ट्यूबसारखी एलईडीची लांब पट्टी). इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात ती दोनशेच्या आसपास मिळते. खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात, ते वाचून घ्या. छापलेलेच नसतील तर तो माल सोडा. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. टँक दीड फूट उंच असेल तर तळाशी लाईट कमी पोचतो, तिथे दुसरी बॅटन लागू शकते, पण एका बॅटनवर महिनाभर काढल्याशिवाय ती घेऊ नका.

रंगाचं म्हणाल तर 'कूल डेलाईट, ६५०० केल्विन' घ्या. पिवळ्या लाईटवरही झाडं वाढतात, फक्त पाणी मळकट दिसतं. जांभळ्या ग्रो लाईटच्या वाटेला घरच्या टँकसाठी जाऊ नये. झाडं वाढतील, पण हिरवं पान काळपट दिसतं आणि मासाही बघवत नाही. गेटवर लावतात तो ५० वॅटचा फ्लड लाईटही नको. मध्ये झगझगाट आणि कोपऱ्यांत अंधार अशी गत होते. उघडा टँक असेल तर १० वॅटचा फ्लड फूटभर उंचीवर टांगून चालतो.

बॅटनचा प्रकाश बाजूलाही बराच सांडतो. कोल्हापुरात उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्या कुणाकडूनही अल्युमिनियमची एक पट्टी उलट्या पन्हळीसारखी वाकवून घ्या आणि आतून पांढरा रंग मारा. दुसरी बॅटन घेण्याआधी हा खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवसभर लाईट चालू ठेवू नका

हॉलमध्ये शोभा म्हणून टँक सकाळी चालू होतो तो रात्री जेवणं उरकल्यावरच बंद होतो. नव्या टँकला ६ तास द्या, झाडं रुजली की ७, फार तर ८. दुपारी दोन ते रात्री नऊ ठेवलं तर संध्याकाळी घरी आल्यावर टँक बघायलाही मिळतो. यासाठी प्लगमध्ये बसणारा टायमर घ्या. मात्र साध्या काट्याच्या टायमरमध्ये बॅटरी नसते. जुलै-ऑगस्टच्या पावसात तीन तास वीज गेली की तो तीन तास मागे पडतो, आणि अशा दोन-तीन वेळा झाल्या की मध्यरात्री टँक उजळलेला दिसतो. वीज आली की चकती फिरवून वेळ लावून घ्या.

खिडकीचं ऊन फुकट आहे म्हणून टँक तिथे सरकवू नका. त्याला ना टायमर लागतो ना माप, आणि पाणी हिरवंगार होतं.

झाड काय सांगतंय ते वाचा

देठ लांबलचक, दोन पानांमधलं अंतर वाढलेलं, खालची पानं गळून पडलेली, असं असेल तर लाईट खरंच कमी आहे. अनुबियासच्या जुन्या पानांवर बोटाने पुसून न जाणारे हिरवे ठिपके दिसले तर लाईट जास्त आहे किंवा जास्त वेळ आहे. नवी पानं फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी पडतंय. जावा फर्नच्या जुन्या पानांना भोकं पडली तर बहुतेक वेळा पोटॅशियम कमी असतं. या दोन्हींत लाईट वाढवला तर दुखणं वाढेल. नव्या टँकच्या काचेवरची तपकिरी साय लाईटमुळे नसते, ती काही आठवड्यांत आपोआप जाते. लाईट बदलल्यावर क्रिप्टोकोरिनची पानं विरघळली तरी मुळं उपटू नका, नवी पानं फुटतात. कुठल्याही बदलानंतर निदान तीन आठवडे फक्त नव्या पानांवर लक्ष ठेवा. जुनी पानं सुधारत नाहीत.

जास्त ताकदीचा लाईट आधीच घेतला असेल तर टाकून देऊ नका. तो सहा इंच वर उचला, तास कमी करा, किंवा पिस्टियासारखी तरंगणारी झाडं सोडून सावली करा. ती भराभर वाढतात, दर आठवड्याला काढावी लागतात. काढलेली उन्हात वाळवून खतात टाका, रंकाळ्यात किंवा पंचगंगेत कधीही नाही. नदीत जलपर्णी साचली की काय होतं ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आणि वायर

साधी बॅटन वॉटरप्रूफ नसते. ती पाण्यावर उघडी टांगू नका, मधे काच हवीच. बॅटन काचेला चिकटवू नका, तीन-चार इंच वर ठेवा, नाहीतर वाफ टोकाच्या कनेक्टरमध्ये शिरते. वायर बोर्डाकडे नेताना आधी बोर्डाच्या खाली झोळासारखी लोंबू द्या आणि मग वर घ्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टँकखालच्या कपाटात जमिनीवर नको, भिंतीवर वर ठोका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर लाईटआधी तो बसवा. झाडं लावायला पाण्यात हात घालण्यापूर्वी नुसतं बटण बंद करून थांबू नका, लाईट, फिल्टर आणि हीटर तिन्हींच्या पिना सॉकेटमधून काढा.