मूलभूत ऊतींच्या प्रॅक्टिकलसाठी तयारीची यादी

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचा अभ्यास, हा वेगळा विषय नसतो, तो शरीररचनाशास्त्राचाच एक भाग असतो. त्यामुळे डिसेक्शनच्या धावपळीत तो मागे पडतो आणि परीक्षेच्या आठवड्यात एकदम समोर येऊन उभा राहतो. लातूर, नांदेड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या आणि शाळेचे शिक्षण मराठीतून झालेल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ही यादी लिहिली आहे. अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता ही ऊतींची चार नावे त्यांनी शाळेतच वाचलेली असतात, त्यामुळे त्यांची सुरुवात कोरी नसते. नव्याने लागते ती एकच सवय, स्लाइडचे नाव सांगण्याआधी त्या नावाची तीन दिसणारी कारणे सांगण्याची. पुढे जे जे लिहिले आहे, ते या एका सवयीसाठी आहे.

प्रथम सामानाची व्यवस्था करावी. हिस्टॉलॉजीचे जर्नल पूर्ण आणि सही झालेले असावे. गुलाबी आणि जांभळट निळी अशा रंगीत पेन्सिलींच्या दोन जोड्या टोक करून ठेवाव्यात, शिवाय नावे लिहिण्यासाठी एक साधी एचबी पेन्सिल, खोडरबर आणि लेन्स पुसण्यासाठी मऊ स्वच्छ कापड घ्यावे. मार्चनंतर आपल्याकडे धूळ इतकी असते की आयपीसवरचा (डोळ्याजवळच्या भिंगावरचा) कण अनेकदा स्लाइडमधलाच वाटतो. आयपीस हाताने फिरवून पाहावा. कण त्याच्याबरोबर फिरला तर तो स्लाइडवर नाही. वीज गेल्यावर दिव्याचा सूक्ष्मदर्शक बंद पडतो, म्हणून आरशाचा सूक्ष्मदर्शक खिडकीच्या उजेडावर लावण्याचा सरावही एकदा करून ठेवावा.

त्यानंतर स्लाइड कशी तयार होते हे पाच वाक्यांत सांगता आले पाहिजे, कारण तोंडी परीक्षेची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते. ऊतीचा तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये स्थिर करतात. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून त्यातील पाणी काढतात. झायलीनमध्ये तो पारदर्शक करून वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवतात. मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. शेवटी ते काप हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांत रंगवतात. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यातून मिळते आणि तुरटीच्या क्षाराबरोबर ते आम्लधर्मी केंद्रकाला निळे-जांभळे करते. इओसिन पेशीद्रव्य आणि कोलॅजन तंतूंना गुलाबी करतो. हा क्रम समजला की पुढचे बरेच काही पाठ करावे लागत नाही. मेदपेशी रिकाम्या आणि अंगठीसारख्या दिसतात, कारण त्यांतील चरबी अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून गेलेली असते. चेतातंतूभोवतीचे मायलिन हे मेदयुक्त आवरणही असेच निघून जाते आणि तेथे फिकट पोकळी उरते.

स्लाइड पाहण्याचा क्रम ठरलेला असावा. ती आधी उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी पाहावी. भोक असलेले वर्तुळ दिसले तर ती नळी आहे, एका कडेला गडद जांभळी रेघ दिसली तर ती बहुधा अभिस्तराची कडा आहे. मग ४ पट, १० पट आणि शेवटी ४० पट भिंग लावावे. ४० पटीवर काहीच स्पष्ट होत नसेल तर स्क्रू पिळत बसू नये. पुष्कळदा स्लाइड उलटी ठेवलेली असते आणि कव्हरस्लिप खालच्या बाजूला गेलेली असते. या भिंगाखाली मोठा स्क्रू फिरवणे म्हणजे स्लाइडला तडा देणे. पहिल्या वर्षी माझ्या हातून असे झाले होते, आणि त्या तुकडीला वर्षभर श्वासनलिकेची एक स्लाइड कमी पडली, म्हणून हे आवर्जून लिहितो.

अभिस्तर ऊतीसाठी दोन प्रश्न पुरतात: थर किती आहेत आणि सर्वांत वरच्या थरातील पेशींचा आकार कसा आहे. बहुस्तरीय अभिस्तराचे नाव वरच्या थरावरून ठरते, तळाच्या थरावरून नाही. अन्ननलिकेत तळाच्या पेशी घनाकार किंवा स्तंभाकार असल्या तरी वरच्या चपट्या असतात, म्हणून तो स्तरित शल्की, म्हणजे बहुस्तरीय चपटा. त्यावर केराटिनचा केंद्रकरहित थर असेल तर त्वचा. पित्ताशयात एकेरी स्तंभाकार पेशी असतात आणि त्यांच्यात श्लेष्मा तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशी नसतात. लहान आतड्यात त्या असतात. श्वासनलिकेत केंद्रके वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे अनेक थर असल्याचा भास होतो, पण प्रत्येक पेशी तळपटलावर (अभिस्तराखालच्या पातळ पडद्यावर) टेकलेली असते, आणि वरच्या कडेला बारीक केसांसारखी पक्ष्माभिका दिसते. मूत्रवाहिनी आणि मूत्राशयात वरच्या मोठ्या, घुमटासारख्या छत्री पेशी शोधाव्यात. या पाच-सहा जागांची चित्रे पाहून काढण्याऐवजी प्रत्यक्ष भिंगातून पाहून एकेकदा काढावीत.

येथे एक अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते: पुस्तकातील नेटका एकेरी थर स्लाइडमध्ये ठिकठिकाणी चार-पाच थरांचा दिसतो. हे कापाच्या दिशेमुळे होते. वाळूक मधोमध आडवे कापले तर साल, गर आणि बियांची पोकळी असे सगळे एका चकतीत दिसते. तेच वाळूक कडेने तिरपे छाटले तर फोडीत नुसती साल आणि गर येतो, पोकळी येतच नाही. नळीची भिंत तिरपी कापली गेली की एकाच थरातील शेजारच्या पेशी एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात. म्हणून स्लाइडची एकच जागा पाहून निर्णय देऊ नये; थर जेथे सर्वांत पातळ आणि स्वच्छ दिसतो ती जागा शोधावी आणि तीच खरी मानावी. आकाराचा अंदाज घ्यायचा तर जवळच्या केशवाहिनीतील तांबडी पेशी पट्टी म्हणून वापरावी, कारण तिचा व्यास साधारण ७ मायक्रॉन असतो.

माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा तो तीन गुलाबी, तंतुमय स्लाइडना: स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणारा), अपट्टकी (आडव्या रेषा नसलेला) स्नायू आणि उभा कापलेला चेता. सर्वाधिक गुण येथेच जातात. स्नायुरज्जूत केंद्रके बारीक, चपटी आणि गडद असून ती कोलॅजनच्या जुड्यांच्या मधल्या फटींत ओळीने बसलेली असतात; तंतूंच्या आत केंद्रक नसते. अपट्टकी स्नायूत प्रत्येक पेशी चातीसारखी दोन्ही टोकांना निमुळती असते आणि लांबट केंद्रक तिच्या मधोमध, पेशीच्या आत असते. चेता लाटेसारखा नागमोडी जातो आणि त्यात मायलिन गेलेल्या फिकट रेषा दिसतात. आडव्या कापात तर मध्ये ठिपका आणि भोवती कोरी कडी असे असंख्य गोल दिसतात. या तिन्ही स्लाइड शेजारी शेजारी ठेवून एकाच बैठकीत पाहाव्यात.

पट्टकी स्नायूतील आडव्या रेषा दिसत नाहीत ही तक्रार नेहमीची आहे. उजेड जास्त असतो तेव्हा त्या पुसल्यासारख्या होतात. कंडेन्सर (स्लाइडखाली उजेड एकवटणारे भिंग) थोडा खाली करून खालची आयरिस डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) निम्मी मिटावी आणि बारीक स्क्रू किंचित मागेपुढे करावा, म्हणजे गडद व फिकट पट्ट्या उमटतात. त्यांच्याबरोबर कडेला सरकलेली अनेक केंद्रके दाखवावीत. हृदयस्नायूत तंतू फांद्या फुटल्यासारखे असतात, केंद्रक मध्यभागी असते आणि पेशींच्या जोडावर गडद आडव्या चकत्या दिसतात.

कास्थी आणि अस्थी यांना एक दुपार पुरे. काचाभ कास्थीत निळसर एकजिनसी आधारद्रव्य आणि जोडी-चौकडीने बसलेल्या पेशी असतात. तंतुमय कास्थीत पेशी ओळीने असतात आणि बाहेर परिकास्थी (कास्थीवरचे आवरण) नसते. बाह्यकर्णाच्या कास्थीतील लवचिक तंतू या नेहमीच्या रंगात ठळक दिसत नाहीत, त्यांना वेगळा रंग लागतो, हे कारण विचारले जाते. घासून केलेल्या अस्थीच्या कापात जिवंत पेशी नसतात, हवेने भरलेल्या काळ्या पोकळ्या असतात. हॅवर्सियन नलिकेभोवतीची (अस्थीतील रक्तवाहिनीच्या वाटेभोवतीची) वर्तुळे आणि ती काळी कोळ्यासारखी लॅक्युना (पेशीची पोकळी) एवढे काढले तरी पुरते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवी स्लाइड पाहू नये. मित्राने लेबलावर बोट ठेवून स्लाइड लावावी, तुम्ही आधी कारणे मोठ्याने सांगावीत आणि मग नाव. कारणे मराठीत सुचली तरी चालतील, उत्तरपत्रिकेसाठी तीच दोन-तीन छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहून पाहावीत. सलग वीस स्लाइड अशा झाल्या की जर्नल, दोन्ही रंगांच्या पेन्सिली, ॲप्रन आणि ओळखपत्र एकाच पिशवीत ठेवून झोपावे.