कोविडनंतरचा व्यायाम व्हिडिओ कॉलवर करताय? या चुका टाळा

मी कोविडमधून उठलेल्यांचा व्यायाम व्हिडिओ कॉलवर घेते. सोलापूरच्या विडी घरकुल वस्तीतल्या एक काकू प्रत्येक कॉलला एकच सांगायच्या, "बरं हाय मॅडम." फोन फळीवर टेकवलेला, मला दिसायचा फक्त चेहरा. श्वास पोटाने चाललाय की खांदे उचलून, हे चेहऱ्यावरून कळत नाही. फोन सहा-सात फुटांवर, बाजूने ठेवा, खुर्चीसकट अख्खं अंग दिसू दे. खुर्ची भिंतीला टेकवा आणि घरातलं कुणीतरी जवळ बसवा.

फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं (छोट्या चेंडूंचं) यंत्र निम्मे लोक फुंकतात. ते फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यापेक्षा एकच गोळी सावकाश वर नेऊन दोन-तीन सेकंद धरली, तर जास्त फायदा. गरगरलं की थांबा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे बरं वाटलं त्या दिवशी सगळी कसर भरून काढणं. काकूंनी तेच केलं. पाणी येण्याचा दिवस, घागरी भरल्या, भाकऱ्या थापल्या, वर व्यायामही दुप्पट. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी मात्र अंथरुणातून उठवेना. कोविडनंतरचा थकवा असा उशिरा गाठतो, म्हणून "काल व्यायामानंतर कसं होतं?" यापेक्षा "आज सकाळी कसं आहे?" याचं उत्तर मला जास्त हवं असतं. पाणी भरणं हाही व्यायामच धरा, त्या दिवशी बाकीचं कमी करा. थकवा वाढला तर नेट लावू नका, मला सांगा. घरच्यांनाही विनंती: "तीन महिने झाले, आता कसला आजार?" असं म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केलेली कोविडोत्तर आजाराची व्याख्याच साधारण तीन महिन्यांनंतरच्या त्रासाची आहे.

ऑक्सिमीटर नुसतं बसून लावू नका, उठ-बस केल्यावरही लावा. ऑक्सिजनचा आकडा 3 किंवा जास्त अंकांनी उतरला तर कळवा. मेंदी, नेलपॉलिश, गार बोटं यांनी आकडा चुकतो. आकडा स्थिर होईपर्यंत बोट हलवू नका.

आपल्याकडचा उन्हाळा माहीत आहेच. एप्रिल-मेमध्ये व्यायाम सकाळी लवकर उरका.

छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बसूनही दम थांबेना, तर पुढच्या कॉलची वाट पाहू नका, 108 लावा.