जुन्या जीपचे हेडलाइट मंद? बल्ब बदलण्याआधी या चुका टाळा

पसरणी घाटात धुकं उतरलं की जुन्या जीपचे दिवे किती कमी पडतात ते कळतं. मग दुकानातून 100/90 वॅटचे बल्ब आणून बसवले जातात. हे करू नका. जुन्या जीपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्विच आणि डिपरमधून (लांबचा-जवळचा झोत बदलणाऱ्या स्विचमधून) जातो. 60 वॅटचे दोन बल्ब साधारण 10 अँपिअर घेतात, 100 चे दोन जवळपास 17. एवढ्या करंटने होल्डर वितळतो, स्विच जळतो. हॅलोजनला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळालं तरी उजेड जवळपास 30 टक्के घटतो, म्हणून आधी व्होल्टेज कुठे गळतंय ते शोधा. बहुतेक वेळा ते अर्थमध्येच, म्हणजे दिव्यातून चेसिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीतच सापडतं.

दिवे बंद ठेवून मल्टिमीटरचा बीप ऐकायचा आणि अर्थ चांगला म्हणून सोडून द्यायचं, ही नेहमीची फसगत. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो. दिवे चालू ठेवा, मीटर 20 व्होल्ट डीसीवर घ्या. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब होल्डरच्या मागून अर्थच्या पिनेला. बल्ब लावलेलाच हवा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर दोष तिथेच. मीटर नसेल तर त्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड वायर धरा. दिवा लख्ख झाला की निदान पक्कं.

दिवे डिपरवर (जवळच्या झोतावर) असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांबच्या झोताचा) निळा दिवा मिणमिणतोय? डिपर स्विच बदलू नका. एका बल्बचा अर्थ तुटला की करंट त्याच बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा अप्परच्या वायरीत शिरतो. त्याची ही खूण.

अर्थचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रंगावर कसलं तर काही दिवसांत पुन्हा तेच. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, चेसिसवर पॉलिश पेपरने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, दात्यांचा वॉशर घालून बोल्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन लावा. पाटण-कोयनेच्या पावसात भिजणाऱ्या किंवा सांगलीत पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत ओल वायरीच्या आत चढलेली असते. सोलल्यावर तांबं काळं-हिरवं दिसलं तर लालसर चमक येईपर्यंत मागे कापत जा. नुसतं पिळून टेप गुंडाळू नका. दोन्ही दिव्यांना 2.5 चौरस मिमीची स्वतंत्र अर्थ वायर द्या.

स्विचवरचा भार काढायला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवायचे तर अप्परला एक, डिपरला एक. रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीचा पॉझिटिव्ह, 87 ला बल्ब, 86 ला स्विचकडची जुनी वायर, 85 ला अर्थ. प्रत्येकी 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच हवा. लांब लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो उडणारच नाही.

इंजिन ते चेसिसची अर्थची पट्टीही पाहून घ्या. सेल मारताना अ‍ॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल हाताला गरम लागली तर पट्टी तुटलेली किंवा गंजलेली आहे, आणि स्टार्टरचा करंट त्या केबलमधून परततोय.