जुन्या आयरिश साहित्याबद्दल लिहिता-वाचताना या चुका टाळा

‘बुक ऑफ केल्स’चं रंगीत पान टाकून खाली ‘प्राचीन आयरिश भाषा’ असं लिहिलेल्या पोस्ट बऱ्याच फिरतात. इसवी सन 800 च्या आसपासची ती पोथी म्हणजे बायबलमधली चार शुभवर्तमानं, आणि ती लॅटिनमध्ये आहेत. तिच्यातला आयरिश मजकूर म्हणजे बाराव्या शतकात कोऱ्या जागांवर उतरवून ठेवलेले जमिनीचे दस्त.

आठव्या-नवव्या शतकातली आयरिश बघायची असेल तर आयर्लंडबाहेर जावं लागतं. वुर्झबर्ग, मिलान आणि सेंट गॅलन इथल्या लॅटिन पोथ्यांत, ओळींच्या मधे आणि समासात, भिक्षूंनी शब्दार्थ आणि खुलासे आयरिशमध्ये लिहिले. युरोपात गेलेल्या त्या पोथ्या ग्रंथालयांत पडून राहिल्या, म्हणूनच त्यांच्यातली भाषा जशीच्या तशी टिकली. मायदेशी नव्या नकला होत गेल्या आणि प्रत्येक नकलेत भाषा थोडी बदलली. जर्मन अभ्यासक योहान कास्पार त्सॉइसने 1853 मध्ये जुन्या आयरिशचं व्याकरण उभं केलं, ते मुख्यतः या टिपांवरून. सेंट गॅलनची पोथी तर लॅटिन व्याकरणाची, पण तिच्या समासात चार ओळींची एक कविता आहे: आज वारा झोंबतोय, समुद्राचे पांढरे केस उधळतोय, म्हणजे आज रात्री नॉर्स (व्हायकिंग) लुटारू येण्याची भीती नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो काळाचा. ‘तॉन बो कूलन्ये’ या गुरं पळवण्याच्या महाकथेला पाठोपाठ तीन काळ चिकटवले जातात. कथा घडते ती परंपरेनुसार ख्रिस्तजन्माच्या सुमारास. तिच्या जुन्या पाठातली काही भाषा आठव्या-नवव्या शतकातली वाटते. हाती असलेली सर्वात जुनी प्रत मात्र इसवी सन 1100 च्या आसपासची, ‘भुऱ्या गाईचं पुस्तक’ या पोथीतली, आणि तीही अपुरी. तिच्या लेखनिकांपैकी मेल मुरे 1106 मध्ये क्लॉनमॅकनॉइसच्या मठात मारला गेला. बाराव्या शतकातल्या ‘बुक ऑफ लेन्स्टर’मधला पाठ तर नव्याने सजवलेला, नीट जुळवून घेतलेला आहे. म्हणून उतारा देताना तो कुठल्या पाठातला ते लिहाच; लेन्स्टरच्या अलंकारिक वाक्यांना आठवं शतक लावू नका.

‘ख्रिस्तपूर्व धर्माचा अस्सल आवाज’ ही त्याच्या पुढची पायरी. या कथा लिहून ठेवल्या त्या ख्रिस्ती पंडितांनी. लेन्स्टरच्या प्रतीत कथेच्या शेवटी, ती न बदलता पाठ करणाऱ्याला आयरिशमध्ये आशीर्वाद आहे. लगेच खाली लॅटिनमध्ये तक्रार: यातलं काही सैतानी फसवणूक, काही कवीची कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी! दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्या जगाचा अंदाज येत नाही.

ओघम, म्हणजे दगडावर रेघा कोरून लिहायची जुनी आयरिश लिपी, तिचंही तसंच. ‘ड्रुइडांची (प्राचीन केल्टिक पुरोहितांची) गुप्त वृक्षलिपी’ हे ऐकायला छान. प्रत्यक्षात चौथ्या ते सातव्या शतकातल्या सुमारे 400 दगडांवर बहुतेक माणसांची नावंच आहेत, ‘अमक्याच्या मुलाचा, अमक्याचा’ अशा धाटणीची. अक्षरांपैकी काहींनाच झाडांची नावं आहेत. सगळी वीसच्या वीस झाडांना जोडणं नंतरचं. वाचन सहसा खालून वर जातं, हेही अनेक जण विसरतात.

उच्चारांबद्दल थोडक्यात: ‘तॉन’मधल्या राणीचं नाव ‘मेडब’ लिहू नका, आजचा उच्चार ‘मेव्ह’ असा आहे.

आणि जुन्या आवृत्त्या जपून वापरा. व्हिटली स्टोक्स भारतातल्या ब्रिटिश सरकारच्या कायदे खात्यात असताना, त्याने संपादित केलेला ‘कॉर्मकचा कोश’ या जुन्या आयरिश शब्दकोशाचा इंग्रजी अनुवाद 1868 मध्ये कलकत्त्यात छापला गेला. फुकट मिळतो, वाचनीयही आहे. पण त्यानंतर, 1909 मध्ये, रुडॉल्फ टुर्नायझनचं जुन्या आयरिशचं व्याकरण आलं आणि क्रियापदांची बरीच समज बदलली. शब्दाचा अर्थ ठरवण्याआधी आयरिश भाषेचा ऑनलाइन ऐतिहासिक कोश, ‘ई-डिल’, एकदा उघडून बघा.