रीसेटनंतरही टिकणारी रॅम: लिंक करण्याआधीची तयारी

रीसेटनंतरही नोंदी टिकाव्यात म्हणून रॅमचा एक तुकडा राखून ठेवायचा आहे. उदाहरणाला एसटीएम३२एफ१०३सी८ हा मायक्रोकंट्रोलर घेऊ. त्यात ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम. रॅम हेक्समध्ये २००००००० ला सुरू होते आणि २०००५००० च्या अलीकडे संपते. शेवटचे ४ केबी राखायचे तर लिंकर स्क्रिप्टमध्ये (मेमरीत काय कुठे बसेल हे लिंकरला सांगणाऱ्या फाइलमध्ये) रॅमची लांबी २० वरून १६ केबी करा आणि नवा विभाग २०००४००० पासून मांडा.

आता स्टॅकचा माथा. स्टॅक म्हणजे फंक्शन कॉलसाठीची रॅम, ती माथ्यापासून खाली भरत जाते. स्क्रिप्टमधली ईस्टॅकची ओळ, म्हणजे हा माथा ठरवणारी ओळ, उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तिथे रॅमची सुरुवात अधिक लांबी असं सूत्र असेल तर माथा आपोआप २०००४००० वर येतो. थेट २०००५००० हा आकडा लिहिलेला असेल तर स्टॅक राखीव जागेतूनच खाली उतरतो, आणि लिंकर चकार शब्द काढत नाही. स्टॅक कुठवर जाईल हे तो मोजतच नाही. तुमचा डेटा राखीव विभागाच्या तळाशी, माथ्यापासून दूर असतो, म्हणून चाचण्या बिनबोभाट पार पडतात. मग कधीतरी कॉल खोलवर गेलेले असताना इंटरप्ट येतो आणि नोंदी बिघडतात. मागच्या वेळी नेमकी हीच ओळ बदलायची राहिली होती.

राखीव व्हेरिएबल ज्यात ठेवाल त्या सेक्शनला नोलोड (बायनरीत भरू नको, ही खूण) हवंच. नाहीतर ०८०००००० पासून, म्हणजे फ्लॅशच्या सुरुवातीपासून, रॅमपर्यंतची पोकळी शून्यांनी भरली जाते आणि बायनरी फाइल ३८४ एमबीची होते. सेक्शनचं नाव कोडमध्ये आणि स्क्रिप्टमध्ये अक्षरन् अक्षर तेच ठेवा. एक टिंब चुकलं तरी लिंकर तो सेक्शन मुकाट्याने भलतीकडे टाकतो, तेव्हा मॅप फाइलमध्ये (लिंकरने काय कुठे ठेवलं त्याच्या यादीत) व्हेरिएबलचा पत्ता शोधा. कीप (लिंकरने सेक्शन वगळू नये म्हणून) आणि अलाइनमेंट (पत्त्याची जुळणी) नेहमीप्रमाणे. व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत देऊ नका, ती कोणी भरणार नाही. वीज जाऊन आली की तिथे काहीही असू शकतं, म्हणून मॅजिक नंबर (आधीच ठरवलेला ओळखीचा आकडा) आणि सीआरसी (डेटा बिघडला का ते दाखवणारी पडताळणीची संख्या) दोन्ही ठेवा.

पुन्हा माथा. बायनरीच्या पहिल्या चार बाइटांत तोच पत्ता उलट्या क्रमाने असतो. ते बाइट ०० ४० ०० २० असेच हवेत. ०० ५० ०० २० दिसले तर चिपवर चढवूच नका.

आणि बूटलोडर! त्याची स्क्रिप्ट वेगळी, स्टॅक वेगळा, आणि रीसेटनंतर आधी तोच चालतो. तुमचा प्रोग्राम सुरू होण्याआधीच तो राखीव जागा तुडवून मोकळा होईल. तिथलाही ईस्टॅक खाली आणा, त्याचेही चार बाइट बघा.

हीपची (प्रोग्राम चालताना मागून घेतो त्या रॅमची) हद्दही तीच, २०००४०००. शेवटी चाचणी. वॉचडॉग रीसेट (प्रोग्राम अडकला की चिप स्वतः करते तो), सॉफ्टवेअर रीसेट: सीआरसी जुळायला हवा. वीज काढून, मिनिटभराने: जुळता कामा नये.